पेंटॅक्स के-१०००: कमी फीचरचा कॅमेरा २१ वर्षं कसा विकला गेला?



नवीन बॅच सुरू झाली की पहिल्या दिवशी मी एक प्रश्न विचारतो. "गेल्या वर्षभरात धंद्यात नवीन काय आणलं?" भराभर हात वर होतात. कुणी नवीन फ्लेवर आणलेला असतो, कुणी मशीन, कुणी होम डिलिव्हरी. मग दुसरा प्रश्न. "मुद्दाम, विचार करून बंद काय केलं?" सगळे हात खाली. मागून कुणीतरी म्हणतं, "सर, बंद कशाला करायचं? असलेलं बरं."

या आठवड्याच्या व्हिडिओत टेबलावर जो जुना काळा-चंदेरी कॅमेरा दिसला, तो याच दुसऱ्या प्रश्नासाठी आणला होता. रोलवर चालणारा, जपानी कंपनीचा पेंटॅक्स के-१०००. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून सगळं इथे नीट लिहितोय. तीन भाग आहेत. हा कॅमेरा काय आहे आणि कसा चालतो, त्यातून आपल्यासारख्या छोट्या व्यावसायिकाने काय घ्यायचं, आणि असा जुना कॅमेरा विकत घ्यायचा किंवा विकायचा असेल तर काय तपासायचं. तिसरा भाग सगळ्यांनी वाचा, कारण तुमच्या माळ्यावरही एखादा कॅमेरा पडलेला असू शकतो.

कॅमेऱ्याची ओळख

हा कॅमेरा बनवणारी कंपनी म्हणजे आसाही ऑप्टिकल. १९१९ साली सुरू झालेली. १९५२ मध्ये त्यांनी आसाहीफ्लेक्स आणला, तो जपानचा पहिला ३५ एमएम एसएलआर कॅमेरा.

एसएलआर म्हणजे काय, ते एकदा समजून घेऊ. लेन्समधून आत आलेला प्रकाश ४५ अंशात बसवलेल्या आरशावर पडतो, तिथून वर जातो, पाच बाजूंच्या काचेच्या प्रिझममधून फिरतो आणि तुमच्या डोळ्यापर्यंत पोचतो. म्हणजे जी लेन्स फोटो काढणार, तिच्यातूनच तुम्ही बघता. जे दिसतं ते येतं. त्या प्रिझमला पेंटाप्रिझम म्हणतात, आणि पेंटॅक्स या नावातला 'पेंटा' तोच. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, मागचा कापडी पडदा सरकतो, फिल्मवर प्रकाश पडतो आणि आरसा पुन्हा जागेवर येतो. आपल्याला फक्त 'खटॅक' ऐकू येतं. पण त्या खटॅकमध्ये चार-पाच कामं एकामागोमाग झालेली असतात.

आरसा आपोआप खाली येणं ही आज साधी गोष्ट वाटते. त्या काळच्या बहुतेक कॅमेऱ्यांत तसं नव्हतं. फोटो काढला की समोर अंधार, आणि रोल पुढे ओढेपर्यंत काही दिसायचं नाही. आसाहीने १९५४ मध्ये ही अडचण सोडवली. १९५७ मध्ये पेंटॅक्स नावाचा पहिला कॅमेरा आला, १९६४ मध्ये लेन्समधून आलेलाच प्रकाश मोजणारा स्पॉटमॅटिक आला. १९७५ मध्ये कंपनीने लेन्स बसवायची पद्धत बदलली. आधी लेन्स बाटलीच्या झाकणासारखी फिरवत फिरवत बसवायची. आता थोडी फिरवली की 'टक' करून बसते. हाच के माउंट. त्यावर्षी या माउंटचे तीन मॉडेल आले: के-२, केएक्स आणि केएम.

आणि १९७६ मध्ये या सगळ्यांच्या खालच्या पायरीवर एक स्वस्त मॉडेल आलं. तो हा के-१०००.

काय ठेवलं, काय काढलं

के-१००० म्हणजे ढोबळमानाने केएमच. फक्त त्यातल्या काही गोष्टी वजा केलेल्या.

सेल्फ टायमर काढला. म्हणजे बटण दाबून धावत जाऊन ग्रुप फोटोत उभं राहणं बंद. फोटो काढण्याआधी किती भाग स्पष्ट येईल ते दाखवणारी खटकी काढली. वरच्या मॉडेलमध्ये आरसा आधीच वर अडकवून ठेवायची सोय होती, ती दिली नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये शटरचा वेग दिसायची सोय नाही. एवढंच काय, लाइट मीटरला चालू-बंद करायचं बटणसुद्धा नाही! मग मीटर बंद कसा करायचा? लेन्सवर टोपण लावायचं. अंधार झाला की मीटर सेल जवळजवळ खात नाही. टोपण हाच स्विच.

आता काय ठेवलं ते बघा. शटरचे ११ वेग, १ सेकंदापासून १/१००० सेकंदापर्यंत. नावातला आकडाही हाच. शिवाय 'बी', म्हणजे बटण दाबून ठेवाल तोवर शटर उघडं. फिल्मचा वेग एएसए २० ते ३२०० पर्यंत लावता येतो. शटरच्या चकतीची बाहेरची रिंग उचलून फिरवायची, आकडा खिडकीत दिसतो. वर फ्लॅश लावायला हॉट शू, आणि फ्लॅशसाठी १/६० चा वेग. मधोमध बारीक दाणेदार गोल, त्यातून बघत फोकस जुळवायचा. व्ह्यूफाइंडरच्या उजव्या कडेला एक काटा. काटा वर गेला तर प्रकाश जास्त, खाली गेला तर कमी, मध्ये आडवा आला की बरोबर.

बस, एवढंच. ऑटो काही नाही.

ज्यांनी फक्त मोबाइलवर फोटो काढलेत त्यांच्यासाठी सांगतो. नळाखाली बादली भरायची आहे असं समजा. नळ किती उघडला, ते लेन्सवरचं अॅपर्चर. नळ किती वेळ चालू ठेवला, तो शटरचा वेग. बादली केवढी आहे, ते फिल्मचा एएसए सांगतो. मोठा एएसए म्हणजे लहान बादली, थोड्या प्रकाशात भरते. मीटरचा काटा फक्त सांगतो की बादली बरोबर भरेल, कमी भरेल, की वरून वाहील. नळ जास्त उघडायचा की जास्त वेळ चालू ठेवायचा, हे तुम्ही ठरवायचं. पळणारा बैल गोठवायचा असेल तर वेळ कमी करा. चेहरा स्पष्ट आणि मागचं सगळं धूसर हवं असेल तर नळ पूर्ण उघडा.

आणि आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. या कॅमेऱ्यात एक छोटा बटण सेल लागतो, एलआर-४४. घड्याळवाल्याकडे मिळतो. तो सेल फक्त त्या काट्यासाठी. सेल संपला तरी कॅमेरा थांबत नाही. शटर, आरसा, रोल ओढणं, सगळं यंत्रावर चालतं. मीटर नसेल तर जुने फोटोग्राफर एक हिशेब वापरायचे: लख्ख उन्हात अॅपर्चर १६ वर ठेवा आणि शटर फिल्मच्या एएसएच्या जवळच्या आकड्यावर. ४०० ची फिल्म असेल तर १/५००. ढगाळ असेल तर अॅपर्चर दोन पायऱ्या उघडा, ८ वर आणा. एवढ्यावर लग्न निघतं!

त्याच वर्षी आलेला दुसरा कॅमेरा

इथे बरेच ट्रेनर गोष्ट थांबवतील आणि म्हणतील, "बघा, साधेपणा जिंकला!" मी तसं म्हणणार नाही, कारण ते खरं नाही.

त्याच १९७६ साली कॅननने एई-१ आणला. त्यात मायक्रोप्रोसेसर होता. तुम्ही शटरचा वेग लावा, अॅपर्चर कॅमेरा स्वतः ठरवतो. आतले सुटे भाग कमी केले, त्यामुळे बनवायचा खर्च उतरला. अमेरिकेत टीव्हीवर जोरदार जाहिराती केल्या. ज्यांना फोटोग्राफी शिकायची नव्हती, फक्त घरच्यांचे चांगले फोटो हवे होते, असे लाखो लोक एसएलआरकडे आले. एई-१ पन्नास लाखांच्या वर विकला गेला. के-१००० विकला गेला तीस लाखांच्या वर. म्हणजे आकड्यात जिंकला कोण? एई-१.

मग आपण के-१००० बद्दल का बोलतोय? कारण काळ बघा. १९८१ मध्ये एई-१ ची पुढची आवृत्ती आली, आणि ८० च्या दशकातच तो बाजारातून गेला. १९८५ मध्ये मिनोल्टाने ऑटोफोकस असलेला ७००० आणला आणि सगळा बाजार तिकडे वळला. मोटर आली, एलसीडी आली, प्लास्टिक आलं. या सगळ्या धामधुमीत के-१००० तसाच्या तसा विकला जात होता. १९७६ पासून १९९७ पर्यंत. २१ वर्षं! बनवायची जागा बदलली, आधी जपान, मग हाँगकाँग, मग चीन. शेवटच्या काळात धातूच्या काही भागांऐवजी प्लास्टिक आलं. पण वापरायची पद्धत तीच राहिली.

बीबीएला आम्हाला प्रॉडक्ट लाइफ सायकलचा तो डोंगरासारखा ग्राफ शिकवला होता. चढ, माथा, उतार. परीक्षेत पाच मार्कांना येतो. या कॅमेऱ्याचा ग्राफ काढला तर डोंगर दिसणार नाही, पाचगणीचं टेबल लँड दिसेल. वर सपाट आणि लांबच लांब.

ही सपाटी कुणामुळे आली? विद्यार्थ्यांमुळे. अमेरिकेत आणि इतरत्र फोटोग्राफीच्या वर्गांत शिक्षक मुलांना हाच कॅमेरा घ्यायला सांगायचे. विचार करा, शिक्षकाला काय हवं असतं? मुलाला अॅपर्चर आणि शटर स्वतः फिरवता आलं पाहिजे. कॅमेऱ्याने परस्पर काही ठरवलं तर मूल शिकणार काय? किंमत परवडली पाहिजे. हातातून पडला तरी टिकला पाहिजे. आणि दर वर्षी मॉडेल बदललं तर वर्गात शिकवणं अवघड होतं. के-१००० या चारही गोष्टींत बसला. दर जूनला आपल्याकडे शाळेत नवी मुलं येतात, तसं त्याचं गिऱ्हाईक दर वर्षी नव्याने जन्माला येत होतं.

म्हणजे जी गोष्ट एई-१ च्या गिऱ्हाइकाला उणीव वाटली असती, तीच के-१००० च्या गिऱ्हाइकाला सोय वाटली. कॅननने वेगळा माणूस धरला, पेंटॅक्सने वेगळा. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

आपल्या धंद्यात हे कसं लावायचं

आमच्या बॅचमधल्या एका ताईंचं उदाहरण देतो. घरगुती मसाल्यांचा व्यवसाय. १८ प्रकारचे मसाले, प्रत्येकाच्या चार आकारांच्या पिशव्या. १८ चोक ७२. म्हणजे ७२ लेबलं, ७२ जागी माल अडकलेला, आणि दिवाळीच्या तोंडावर नेमका कांदा-लसूण मसाल्याचा अर्धा किलोच संपलेला. आम्ही बसून फक्त एक काम केलं. चारपैकी दोन आकार बंद. मसाला एकही कमी केला नाही. ७२ चे ३६ झाले. ताई म्हणाल्या, "सर, कपाट पहिल्यांदा बंद होतंय."

काय काढायचं हे ठरवताना तीन प्रश्न विचारा.

पहिला, हे काढलं तर मूळ काम अडतं का? सेल्फ टायमर काढल्याने फोटो येणं थांबत नाही. पण मीटर काढला असता तर शिकणारा मुलगा अडला असता. म्हणून मीटर राहिला, टायमर गेला. "स्वस्त करायचं" म्हणून आपण नेमकं उलटं करतो. खानावळवाला भाजीतलं तेल-मसाला कमी करतो आणि मेन्यूवर चायनीज तसंच ठेवतो.

दुसरा, माझं नेमकं गिऱ्हाईक कोण, आणि ही गोष्ट त्याला लागते का? "सगळ्यांना लागते" हे उत्तर चालणार नाही. नाव, वय, गल्ली सांगता आली पाहिजे.

तिसरा, बिघडलं तर काम कुठपर्यंत चालेल? के-१००० चा सेल संपला तर काटा थांबतो, कॅमेरा नाही. एई-१ चा सेल संपला की शटरच उघडत नाही. तुमच्या दुकानात इंटरनेट गेलं तर बिल होतं का? जो पोऱ्या सगळ्यांचे दर तोंडपाठ ठेवतो, तो गावी गेला तर दुकान उघडतं का? धंद्यातला कुठला 'सेल' संपला की शटर बंद होतं, ते शोधून ठेवा.

जुना कॅमेरा घ्यायचा असेल तर

माझं साताऱ्यातलं दुकान फोटो फ्रेम आणि लॅमिनेशनचं. जुने फोटो फ्रेमला येतात, त्यांच्यासोबत जुने कॅमेरेही येऊ लागले. "हे कुणी घेतं का हो?" अशी विचारणा. कॉलेजची मुलं उलट बाजूने विचारतात, "दादा, रोलचा कॅमेरा आहे का?" म्हणजे दोन्ही टोकं आपल्यासमोर उभी. अशा वेळी मध्ये उभं राहणाऱ्याला माल ओळखता आला पाहिजे, नाहीतर दोघांचंही नुकसान होतं आणि नाव आपलं जातं.

कॅमेरा हातात आला की या क्रमाने बघा.

एक. मागचं झाकण उघडण्याआधी आत रोल आहे का ते बघा. डावीकडची रोल गुंडाळायची छोटी मूठ हलक्या हाताने बाणाच्या दिशेने फिरवा. मोकळी फिरली तर बहुधा रोल नाही. ताण लागला तर आत रोल आहे, झाकणाला हात लावू नका. तळाचं छोटं बटण दाबा, मूठ फिरवत राहा, ताण सुटेपर्यंत. मगच उघडा. याबद्दल पुढे बोलतोच.

दोन. तळाला सेलची गोल टोपी असते, नाण्याने उघडते. आत हिरवं-पांढरं साचलं असेल तर सेल गळलाय. थोडं असेल तर साफ होतं. आतल्या वायरपर्यंत गेलं असेल तर खर्च वाढतो.

तीन. शटर. रोल नसताना झाकण उघडून प्रत्येक वेग चालवून बघा. १ सेकंद खरंच एक सेकंद वाटतो का? १/१००० वर उजळ भिंतीकडे धरून मागून बघा, क्षणभर पूर्ण चौकोन उजळला पाहिजे. पडदा कापडी आहे, त्याला बोट लावायचं नाही.

चार. झाकणाच्या खाचेत आणि आरशाच्या वरच्या कडेला काळा स्पंज असतो. जुना झाला की डांबरासारखा चिकट होतो, मग आत प्रकाश शिरतो आणि फोटोवर केशरी-पांढरे पट्टे येतात. ही मोठी भानगड नाही, कारागीर बदलून देतो. पण भाव करताना धरायची.

पाच. लेन्स. मोबाइलचा टॉर्च एका बाजूने मारा आणि दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यातल्या दमटपणाने हा रोग फार. आणि बहुतेक लोक कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये ठेवून कपाटात बंद करतात, त्याने ओल धरून राहते. केसमधून काढा, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

सहा. मीटर. नवीन सेल टाका, टोपण काढा, काटा हलतो का बघा. मोबाइलवर लाइट मीटरचं अॅप घेऊन आकडे ताडून बघा. काटा मेलेला असला तरी कॅमेरा फेकू नका, तो चालतो हे वर सांगितलंच आहे. फक्त गिऱ्हाइकाला तसं सांगून विका.

आणि घरातलं शिलाई मशीनचं तेल त्यात अजिबात सोडायचं नाही. ते आतल्या पात्यांवर पसरतं आणि चांगला कॅमेरा अडकतो.

आता हिशेब. समजावण्यासाठी आकडे धरतोय, तुमच्या गावचे वेगळे असतील. कॅमेरा ३,५०० ला घेतला, ९,००० ला विकला. लोक म्हणतात ५,५०० सुटले! थांबा. सर्व्हिसिंग १,५००. स्पंज आणि सेल ३००. एक टेस्ट रोल आणि धुलाई १,२००. पॅकिंग-कुरिअर ३००. महिनाभराच्या गॅरंटीसाठी बाजूला ५००. एकूण लागले ७,३००. सुटले १,७००, म्हणजे विक्रीच्या साधारण १९ टक्के. आता चारपैकी एक कॅमेरा दुरुस्तच झाला नाही असं धरा. तिघांचे ५,१०० सुटले, चौथ्याचे ३,५०० गेले, हातात १,६००. चार कॅमेऱ्यांमागे! म्हणून तपासणी हा टाइमपास नाही, नफा तिथेच आहे. जुन्या वस्तूंच्या व्यापारात जीएसटी फरकाच्या रकमेवर भरायची सोयही आहे, ती तुम्हाला लागू होते का ते सीएला विचारून घ्या.

विकताना मी तीनच चिठ्ठ्या वापरतो. 'सर्व्हिस केलेला, रोल टाकून तपासलेला.' 'तपासलेला, सर्व्हिस बाकी.' 'जसा आहे तसा.' तिन्हींचे भाव वेगळे आणि चिठ्ठी गिऱ्हाइकासमोर लावायची. कॉलेजचा पोरगा पॉकेटमनी साठवून येतो. त्याचा पहिला रोल कोरा निघाला, तर तो आपल्याकडे परत येत नाही आणि त्याचे मित्रही येत नाहीत. फिल्म आता स्वस्त राहिलेली नाही. एकेकाळी ऊटीला आपली सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्स होती, 'इंदू' नावाने फिल्म बनवायची. ती बंद पडली. आज रोल बाहेरून येतो, धुणारी लॅबही बहुतेक मोठ्या शहरातच. ३६ फोटोंतला प्रत्येक फोटो पैसे मोजून काढलेला असतो.

त्या रोलबद्दल

मागच्या वर्षी एक काकू के-१००० घेऊन आल्या. काका तालुक्याच्या गावी स्टुडिओ चालवायचे, जाऊन तीन वर्षं झाली होती. काकूंनी कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "किती देता बोला, मला घरात ठेवायचा नाहीये."

मी सवयीने मूठ फिरवून बघितली. ताण लागला. मी म्हटलं, "काकू, आत रोल आहे." त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "त्यांनी शेवटी शेवटी हा हातात घेतला होता खरा."

रोल गुंडाळून लॅबला पाठवला. जुना होता, निम्म्याहून जास्त काळवंडलेला. सात फोटो धडपणे आले. अंगणातली तुळस, शेजारच्यांची दोन मुलं, आणि एका फोटोत काकू स्वतः, पाठमोऱ्या, दोरीवर कपडे वाळत घालताना. प्रिंट बघून त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "हा काढलेला मला कळलाच नव्हता."

कॅमेरा त्यांनी विकलाच. मी भाव कसा काढला ते कागदावर लिहून दाखवलं: विकून किती येतील, दुरुस्तीला किती, मला किती सुटतील. त्यांनी कागद वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला आणि "ठीक आहे" म्हणाल्या. फोटोची फ्रेम मात्र त्यांनी पैसे देऊन करून घेतली, मी नको म्हणत असताना.

दहा सेकंदांची तपासणी होती ती. झाकण आधी उघडलं असतं तर उजेडाने ते सात फोटो तिथेच गेले असते, आणि ते होते हेसुद्धा कुणाला कळलं नसतं. धंद्यात आपण ज्याला प्रोसेस म्हणतो, चेकलिस्ट म्हणतो, ती यासाठी असते. ऐन वेळी विचार करायला वेळ मिळत नाही, तेव्हा हाताला सवय असावी लागते.

पुढे काय झालं

१९९७ मध्ये के-१००० बंद झाला. त्याच्या जागी आलेला एमझेड-एम हलका होता, प्लास्टिकचा, त्यात ऑटो एक्सपोजरही होतं. पेंटॅक्स ब्रँड पुढे होयाकडून २०११ मध्ये रिकोकडे गेला. के माउंट मात्र अजून चालू आहे. १९७५ ची लेन्स आजच्या पेंटॅक्स डिजिटल एसएलआरवर बसते, फोकस हाताने करावा लागतो. आणि २०२४ मध्ये याच ब्रँडने पेंटॅक्स १७ नावाचा कोरा करकरीत रोलचा कॅमेरा बाजारात आणला. म्हणजे रोल वापरणारं गिऱ्हाईक थोडं असलं, तरी आहे.

या आठवड्याचा गृहपाठ. एक वही घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे तुमच्या दुकानातल्या सगळ्या वस्तू, सेवा, ऑफर लिहा. उजवीकडे प्रत्येकीसमोर शेवटची विक्री कधी झाली ती तारीख. आठवत नसेल तर बिलबुक काढा. सहा महिन्यांत न हललेल्या गोष्टींना वरचे तीन प्रश्न लावा आणि त्यातली फक्त एक या महिन्यात बंद करा. सगळी यादी एकदम कापू नका. एक बंद करा, गिऱ्हाईक काय म्हणतं ते महिनाभर ऐका, मग दुसरी.

आणि घरी माळ्यावर जुना कॅमेरा असेल तर आज रात्रीच खाली काढा. झाकण उघडू नका. आधी मूठ फिरवून बघा.